घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून

आडवाट

नवा आयडी घेऊन लिहितेय, जुन्या आयडीने मला ओळखणारे इथे बरेच आहेत. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

लग्नाला बरीच वर्षं झाली. मुलगी कॉलेजात, मुलगा शाळेत. सासऱ्यांना मी कधी पाहिलं नाही. लग्न ठरताना एवढंच कळलं होतं की ते दारूच्या आहारी गेले, त्यातच तब्येत गेली आणि शेवटची काही वर्षं अंथरुणावर काढली. घरात त्यांचा विषय निघायचा नाही. मीही कधी काढला नाही. अशा बापाबद्दल कोणाला बोलावंसं वाटेल, असं मनाशी धरून चालले.

मध्यंतरी सासूबाईंची कागदपत्रं लावून देत होते. एका जुन्या फायलीत सासऱ्यांचे हॉस्पिटलचे कागद सापडले. त्यात दारूचा साधा उल्लेख नाही. निदान लिहिलंय, हंटिंग्टन्स कोरिया. नाव पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून शोधून वाचलं. मेंदूचा आजार. हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, तोल जाणं, जीभ अडखळणं, चिडचिड, नैराश्य, पुढे विचारशक्तीही जाते. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. बरा करणारं औषध नाही. आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी.

नवऱ्याला विचारलं. त्याने कागद हातात घेतलेसुद्धा नाहीत. त्याला कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहे. मोठ्या दिरांनाही ठाऊक आहे, आणि त्यांनी लग्न का केलं नाही हे मला आत्ता समजतंय. धाकट्या नणंदेला मात्र कोणी सांगितलेलं नाही. तिचं लग्न झालंय, एक लहान मुलगा आहे. "तिला सांगू नकोस" हे नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं. माफी त्यानंतर मागितली.

त्याने तपासणी केलेली नाही आणि करायचीही नाही म्हणतो. वय चाळिशीच्या मध्यावर. तब्येत ठणठणीत. पण अलीकडे तो चिडका झालाय असं मला वाटायचं, मी ते कामाच्या ताणावर ढकलत होते. आता जेवताना त्याच्या हातांकडे बघत बसते. त्याला ते कळतं, मग तो हात टेबलाखाली घेतो.

मुलांना सांगायचं का? कोणी, केव्हा? नणंदेचं काय करू? आणि हे सगळं माहीत असून ज्याने माझ्याशी लग्न केलं, दोन मुलं होऊ दिली, त्याच्याशी एका घरात कसं वागायचं असतं?

स्पष्टवक्ता

वाचून सुन्न झालो. पण स्पष्टच लिहितो, ही फसवणूक आहे. लग्नाआधी नाही तर किमान मूल होऊ देण्याआधी सांगायला हवं होतं. तुम्हाला निवडीची संधीच दिली नाही. मुलगी सज्ञान आहे ना? आजच सांगा. नणंदेलाही आजच.

निळी शाई

बापरे. तुम्हाला खूप बळ मिळो. वाचतेय.

जुनाखांब

स्पष्टवक्ता, फसवणूक आहे हे मान्य. पण "आजच"? या घरात इतकी वर्षं जे दडवलं ते एका संध्याकाळी रागाच्या भरात बाहेर काढलं तर पोरीला आजाराची माहिती मिळणार नाही, आईबापाचं भांडण मिळेल. पुढे आजार म्हटलं की तिला ती संध्याकाळच आठवेल.

ताई, थोडं थांबा. थांबा म्हणजे दडवा नव्हे.

रात्रपाळी

माझा पेशा जनुकीय समुपदेशनाचा आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही. काही गोष्टींची सरमिसळ होतेय, तेवढी सोडवून देते.

हा आजार एका जनुकातल्या दोषामुळे होतो. डीएनएमध्ये सीएजी ही तीन अक्षरं त्या जागी पुन्हापुन्हा येतात. ती २६ वेळा किंवा त्याहून कमी असतील तर काही प्रश्न नाही. ४० किंवा त्याहून जास्त असतील तर पूर्ण आयुष्य मिळालेल्या माणसाला आजार होतोच. मधला पट्टा धूसर आहे. ३६ ते ३९ मध्ये काहींना होतो, काहींना होत नाही, आणि २७ ते ३५ मध्ये स्वतःला सहसा होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. आजार वडिलांकडून आला असेल तर हा आकडा वाढण्याचा कल जास्त असतो, त्यामुळे काही घरांत पुढच्या पिढीत तो लवकर दिसतो.

तो पिढी सोडून जात नाही. तुमच्या नवऱ्याकडे हा दोष नसेल तर तुमच्या मुलांचा प्रश्न तिथेच संपला. कागदावर आज मुलांची शक्यता चारात एक येते. तुमचा नवरा चाळिशी ओलांडून लक्षणांशिवाय आहे, म्हणून प्रत्यक्षात ती त्याहून थोडी कमी धरतात. शून्य मात्र नाही.

आता जी अडचण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती. उद्या तुमच्या मुलीने स्वतःहून तपासणी केली आणि दोष निघाला, तर तुमच्या नवऱ्याचाही निकाल त्याच क्षणी लागतो, कारण तो तिच्यापर्यंत दुसऱ्या वाटेने आलेला नसतो. म्हणजे मुलीचा जाणून घेण्याचा हक्क आणि वडिलांचा न जाणण्याचा हक्क एकाच चाचणीत समोरासमोर येतात. बहीण-भावांचं तसं नाही. नणंदेच्या निकालावरून तुमच्या नवऱ्याचं काहीच ठरत नाही.

लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची ही तपासणी करत नाहीत. सज्ञान झाल्यावर त्यांचं त्यांनी ठरवायचं असतं. आणि नवरा तपासणी करत नाही यावरून त्याला भित्रा ठरवू नका. चाचणी उपलब्ध असूनही धोका असलेले बहुतेक लोक ती करून घेत नाहीत. चिडचिडीबद्दल एवढंच, की चाळिशीतला माणूस चिडायला शेकडो कारणं असतात. हात बघत बसू नका. न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

आडवाट

रात्रपाळी, खूप आभार. "हात बघत बसू नका" हे वाचून पहिल्यांदाच रडू आलं, इतके दिवस आलं नव्हतं.

स्पष्टवक्ता, आजच सांगावं असं मलाही रोज सकाळी वाटतं. संध्याकाळपर्यंत वाटेनासं होतं.

एक राहिलं होतं. मुलगी दहावीत असताना मी तिला दारूबद्दल बजावलं होतं, आजोबांचं उदाहरण देऊन. "तुमच्या रक्तातच आहे, जपून राहा" असं म्हणाले होते. नवरा शेजारी बसला होता. काही बोलला नाही.

तिरकस

हे दारूचं प्रकरण मला सगळ्यात भयंकर वाटतं. म्हणजे घराने हिशेब केला आणि गेलेल्या माणसाला दारुडा ठरवणं परवडेल असं ठरवलं. दारूचा डाग एकट्याला लागतो. आनुवंशिक आजाराचा सगळ्या पोरांना लागतो, त्यांच्या लग्नांना लागतो. तोलून-मापून रचलेलं खोटं आहे हे. आणि ज्याच्या नावावर रचलं त्याची बाजू मांडायला तोच नाही.

त्या माणसाचा तोल जात असेल, बोलणं अडखळत असेल, आणि रस्त्यावरचे लोक हसत असतील. ते तसंच चालू दिलं गेलं.

खिडकीतून

तिरकस, सासूची बाजूही बघा की. नवरा हळूहळू जातोय, तीन पोरं पदरात, आजाराचं नाव डॉक्टरलासुद्धा धड उच्चारता येत नाही, आणि सगळं गाव "काय झालं" विचारतंय. दारू म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत. तिने पोरं वाचवली असं तिला वाटत असणार. मी तिला खलनायिका नाही म्हणणार.

तिरकस

खलनायिका कोण म्हणतंय? पोरं लहान असताना हे ठीक होतं. पण पोरं मोठी झाली, थोरल्याने ऐकून लग्न केलं नाही, मधल्याने ऐकून केलं, धाकटीला ऐकवलंच नाही. कोणाला किती सांगायचं हे एका जागी बसून ठरवत राहणं म्हणजे पोरं वाचवणं नव्हे.

पुस्तकी

थोडं इतिहासातलं, विषयाला धरूनच. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टनने या आजाराचं वर्णन केलं तेव्हा तो नुकताच डॉक्टर झालेला तरुण होता. त्याचे वडील आणि आजोबा अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर डॉक्टर होते, त्यामुळे त्याच घराण्यांतल्या पिढ्या त्यांनी बघितल्या होत्या. त्या छोट्याशा निबंधातही त्याने नोंदवून ठेवलंय की ज्या घरांत हा आजार आहे ती माणसं त्याच्या विचारानेही हादरतात, अगदी नाइलाज झाल्याशिवाय त्याचा विषय काढत नाहीत, आणि काढलाच तर "तो विकार" एवढंच म्हणतात. म्हणजे दडवणं हे पहिल्या वर्णनापासूनच या आजाराला चिकटलेलं आहे.

आणि नॅन्सी वेक्सलर. हे जनुक शोधण्यात जिचा मोठा वाटा, ती स्वतः अशाच घरातली. तिच्या आईला आजार असल्याचं १९६८ मध्ये निदान झालं, तेव्हा वडिलांनी दोघी मुलींना सांगितलं. तोपर्यंत आईचे वडील आणि भाऊ त्याच आजाराचे बळी होते, पण मुलींना ते माहीत नव्हतं. पुढे व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या अभ्यासातून १९८३ मध्ये जनुकाची जागा कळली, १९९३ मध्ये जनुक हाती लागलं. तिने २०२० मध्ये जाहीर केलं की तिलाही तो आजार आहे. चाचणीचा मार्ग मोकळा करणारी बाई स्वतः किती वर्षं तपासणीबद्दल गप्प राहिली, हे मला आडवाट यांच्या नवऱ्याकडे बघताना आठवतं.

निळी शाई

ही माहिती नवीन होती. धन्यवाद पुस्तकी.

मधलीआळी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्या घरातलं गुपित वेगळं होतं, आजाराचं नव्हतं, त्यामुळे तपशील देत नाही. पण मी ते बायकोपासून बरीच वर्षं लपवलं, म्हणून आडवाट यांच्या नवऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा अंदाज आहे.

लग्नाआधी सांगायचं असतं, तेव्हा ती नाही म्हणेल अशी भीती असते. लग्नानंतर लगेच सांगायचं तर "आधी का नाही सांगितलं" याचं उत्तर नसतं. पहिलं मूल होतं. आता सांगितलं तर मुलाबद्दलची भीतीही तिच्या गळ्यात पडणार. प्रत्येक वर्षी सांगणं आदल्या वर्षापेक्षा महाग होत जातं. मग एक दिवस माणूस ठरवतो की आपण तिला वाचवतोय. हे समर्थन नव्हे. मी स्वतःला असंच समजावत होतो आणि ते समजावणं मला अगदी खरं वाटत होतं, एवढं सांगायचं होतं.

आणखी एक. लोकांना वाटतं लपवणारा सतत खोटं बोलत असतो. तसं रोज कोणी विचारायला येत नाही. खोटं बोलायची वेळ क्वचित येते. त्रास वेगळाच असतो, एकट्याने त्याच गोष्टीभोवती फिरत राहण्याचा. बायको समोर बसून काहीतरी सांगतेय आणि तुम्ही तिथे नाही.

पुस्तकी

मधलीआळी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला संशोधनाचा आधार आहे. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल स्लेपियन यांनी २०१७ च्या आसपास गुपितांवर बरंच काम केलं. त्यांना असं दिसलं की समोरच्यापासून प्रत्यक्ष लपवण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात. एकटं असताना मन त्या गोष्टीकडे जात राहतं, आणि त्या जाण्याचाच मनःस्वास्थ्याशी जास्त संबंध दिसतो.

स्पष्टवक्ता

ते सगळं ठीक आहे हो. पण लपवणाऱ्याच्या मनःस्वास्थ्याची एवढी काळजी करताना बाईच्या मनःस्वास्थ्याचं काय? तिच्या हयातीतली इतकी वर्षं मागे जाऊन पुन्हा वाचावी लागणार आहेत तिला.

आडवाट

अगदी हेच. मागे जाऊन वाचतेय. मुलीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा तो आनंदाने गप्प झाला असं मी सगळ्यांना सांगत असे. तिसऱ्यासाठी मी तयार होते, त्याने ठाम नकार दिला, तेव्हा पैशाचं कारण दिलं होतं. त्याने विमा काढताना केलेली घाई. दिरांचं माझ्या मुलांकडे जरा जास्तच वेळ बघणं. प्रत्येकाला मी कधीतरी काही अर्थ लावला होता, आता एकही जागेवर नाही.

आणि दुसरी गोष्ट. काल नणंदेचा फोन आला. नेहमीसारखा तासभर. मुलाच्या शाळेचं, नवऱ्याच्या बदलीचं. ती बोलत होती आणि मी हं हं करत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सासूबाई माझ्याशी इतकी वर्षं असंच बोलत असणार.

सावळी

आडवाट, तुमची ही शेवटची ओळ वाचून लिहायला बसले, नाहीतर नुसतीच वाचत होते.

मी त्या घरातली मुलगी आहे, म्हणजे तुमच्या मुलीच्या जागी होते. आमच्याकडे आत्याबद्दल गुपित होतं. काय ते महत्त्वाचं नाही. पण मला सहावी-सातवीपासून माहीत होतं की काहीतरी आहे. मुलांना गोष्ट कळत नाही, गोष्टीची जागा कळते. कुठलं नाव आलं की आई स्वयंपाकघरात जाते, कुठल्या प्रश्नाला बाबा विनोद करतात, हे मला तोंडपाठ होतं. मी ती जागा स्वतःच्या कल्पनेने भरली, आणि मुलं भरतात ते खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असतं. मला वाटायचं मी त्यांची नाही. कित्येक वर्षं वाटायचं.

खरं कळलं तेव्हा गोष्टीचा धक्का फारसा बसला नाही. राग आला तो याचा, की माझी शंका बरोबर होती आणि मला प्रत्येक वेळी "तुझे मनाचे खेळ आहेत" असं सांगण्यात आलं होतं. त्यामुळे मी पुढे स्वतःच्या अंदाजांवरच विश्वास ठेवेनाशी झाले. नवरा खोटं बोलतोय असं वाटलं तरी मला आधी माझीच शंका यायची.

मुलीने काही विचारलं आहे का तुम्हाला?

आडवाट

हो. "तुमचं दोघांचं काय चाललंय?" म्हणून विचारलं. मी म्हणाले, काही नाही, कामाचा ताण.

सावळी

मग तिला पुन्हा विचारायला लावू नका. सगळं सांगायची तयारी नसेल तर एवढं तरी सांगता येतं: "आहे काहीतरी, तुझ्या मनाचा खेळ नाही, आम्ही घटस्फोट घेत नाही आहोत, आणि बाबा तुला अमुक दिवसांत सांगतील." यात गुपित फुटत नाही आणि पोरगी वेडी ठरत नाही.

अर्धविराम

सावळी +१

आम्ही दत्तक पालक आहोत. आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं गेलं होतं की दत्तक असल्याचं मुलाला "सांगण्याचा दिवस" ठेवायचाच नाही. त्याला आठवतंय तेव्हापासून माहीत असलं पाहिजे. दान केलेल्या बीजापासून झालेल्या मुलांच्या बाबतीतही तोच अनुभव येतो. केंब्रिजच्या सुझन गोलोम्बोक यांच्या गटाने अशा कुटुंबांचा मुलं वीस वर्षांची होईपर्यंत माग ठेवला. ज्यांनी मुलांना सात वर्षांच्या आत सांगितलं त्यांचे आईशी संबंध पुढे जास्त चांगले दिसले. कायदेही त्याच दिशेने गेलेत. स्वीडनने १९८४ मध्ये कायदा करून अशा मुलांना दात्याची ओळख कळण्याचा हक्क दिला, ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांना कायमचं निनावी राहता येत नाही.

आता आडवाट यांच्याकडे "लहानपणापासून" ही संधी गेली आहे, मान्य. पण धाकट्या मुलाच्या बाबतीत ती पूर्ण गेलेली नाही.

जुनाखांब

अर्धविराम, दत्तकाची गोष्ट आणि ही गोष्ट एका मापाने कशी मोजता? दत्तक असणं ही झालेली घटना. इथे मुलाला जे सांगायचं ते "कदाचित" आहे. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात "कदाचित" द्यायचं?

अर्धविराम

बरोबर, फरक आहे. मी फक्त एवढंच म्हणतेय की आजोबांचा आजार ही झालेली घटना आहे. ती सांगता येते. आजोबांना मेंदूचा आजार होता, ते दारू पीत नव्हते. इथपर्यंत "कदाचित" कुठेच नाही.

काळाकोट

अवांतर वाटेल, पण नाही. २०२० साली ब्रिटनच्या न्यायालयात याच आजारावरून एक निकाल झाला. एका माणसाला हंटिंग्टन्सचं निदान झालं, त्याने डॉक्टरांना बजावलं की मुलीला सांगायचं नाही. मुलगी गरोदर होती. तिला पुढे, बाळ झाल्यावर कळलं आणि तिच्यातही दोष निघाला. तिने हॉस्पिटलवर दावा लावला. वेळेत कळलं असतं तर मी ते मूल ठेवलं नसतं, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने तत्त्व मान्य केलं की रुग्णाची गोपनीयता आणि मुलीचं हित हे दोन्ही तोलण्याचं कर्तव्य डॉक्टरांवर होतं. पण त्या प्रकरणात त्यांनी तोललं होतं असं धरून दावा फेटाळला.

डॉक्टरांसारख्या तिऱ्हाइताला जर "मुलीच्या बाजूचंही वजन करा" असं न्यायालय म्हणत असेल, तर सख्ख्या भावाला आणि आईला किती करायला हवं? मुद्दा नणंदेचा आहे. तिला कदाचित दुसरं मूल हवं असेल. आज गर्भधारणेआधी आणि गर्भारपणात दोन्ही वेळी तपासणीचे पर्याय आहेत, पण ते माहिती असलेल्यांनाच. आडवाट यांच्या नवऱ्याचा न जाणण्याचा हक्क मला मान्य. बहिणीला न कळू देण्याचा हक्क त्याला कोणी दिला?

खिडकीतून

काळाकोट, हा फरक फार नेमका मांडलात.

मधलीआळी

मलाही पटलं. स्वतःबद्दलचं झाकणं आणि दुसऱ्याच्या आयुष्याबद्दलचं झाकणं. मी हे दोन्ही एकच समजत होतो.

आडवाट, एक विचारू? नवऱ्याला हा धागा माहीत आहे का?

आडवाट

नाही.

तिरकस

:)

टोमणा नाही मारत, पण घरात आणखी एक खातं उघडलंत तुम्ही.

आडवाट

कळलं.

आडवाट

बऱ्याच दिवसांनी येतेय. अनेकांनी निरोप पाठवून विचारपूस केली, प्रत्येकाला उत्तर देता आलं नाही, राग मानू नका.

धागा नवऱ्याला वाचायला दिला. त्याने सगळा वाचला, तिरकस यांची दारूवरची पोस्ट दोनदा. मग म्हणाला, "बाबा खरंच पीत नव्हते, हे मी कोणापाशीच बोललो नाही." इतकंच. त्याला माझ्यापेक्षा तिरकसांनी बोलतं केलं याचा मला अजून थोडा राग आहे.

नणंदेला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं, दीरही आले. ती भावांवर चिडली नाही फारशी, आईवर चिडली. सासूबाई म्हणाल्या, "मी तुला सुखात ठेवलं." नणंद म्हणाली, "मला नाही, स्वतःला ठेवलंस." सध्या त्या दोघी बोलत नाहीत. तिचा नवरा आमच्या सगळ्यांपेक्षा शांत निघाला. त्यांना दुसरं मूल हवंच होतं, त्यामुळे ती तपासणी करणार आहे.

मुलीला त्याने एकट्याने सांगितलं. मी बाहेर होते, त्याचीच तशी इच्छा होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे आजोबा दारू प्यायचे नाहीत?" नंतरचे सगळे प्रश्न शास्त्राचे. आता ती इंटरनेटवर रात्र-रात्र वाचते. रात्रपाळी, तुमची पोस्ट तिला दाखवली. तिने विचारलंय, तपासणी मी कधी करू शकते? आणि बाबांना नको असेल तर?

आमचं दोघांचं लगेच काही ठरलेलं नाही. एका घरात आहोत. समुपदेशकाकडे जातोय, आधी वेगवेगळे, मग एकत्र. मी माफ केलेलं नाही आणि तसं त्याला सांगितलंय. गंमत म्हणजे हे सांगितल्यापासून आम्ही जास्त बोलतोय.

स्पष्टवक्ता

माफ करायची घाई नका करू. मुलगा?

रात्रपाळी

मुलीच्या प्रश्नाचं आधी. ती सज्ञान आहे, त्यामुळे हक्क तिचा आहे. पण एका भेटीत रक्त देऊन मोकळं होण्याची ही चाचणी नाही. आधी समुपदेशनाच्या भेटी होतात. निकाल आला तर कोणाला सांगायचं, अभ्यास, नोकरी, विमा, जोडीदार यांचं काय, निकाल वाईट निघाला तर आधाराला कोण, हे सगळं आधी बोलून होतं. मधे कधीही थांबता येतं, रक्त दिल्यावर निकाल न घेताही. कळलेलं मात्र पुन्हा न कळलेलं करता येत नाही. तिने वडिलांबरोबर एक भेट घ्यावी असं सुचवेन. चाचणीसाठी नव्हे, दोघांच्या हक्कांची जी टक्कर होतेय ती तिसऱ्यासमोर बोलण्यासाठी. तिने निकाल घेतला आणि वडिलांना सांगितला नाही, असं करणारी घरंही आहेत, पण एका छपराखाली ते फार काळ निभत नाही. तिच्याकडून आणखी एक गुपित सांभाळून घेऊ नका.

आणि रात्र-रात्र वाचू देऊ नका. आजाराच्या शेवटच्या टप्प्याचे व्हिडिओ आधी दिसतात, बाकीची वर्षं कोणी चित्रित करत नाही.

मुलगा किती वर्षांचा?

आडवाट

बारा पूर्ण.

रात्रपाळी

मग अर्धविराम म्हणाल्या ते बरोबर आहे. आजोबांचा आजार आणि त्याचं नाव, इथून सुरू करा. नाव सांगा, नाहीतर तो बहिणीच्या फोनवर शोधेल. "मला होईल का" असं विचारलं तर "माहीत नाही, बाबांनाही माहीत नाही, मोठा झालास की तुला हवं तर कळू शकतं" हे खरं आणि पुरेसं आहे. टक्के त्याने विचारल्याशिवाय सांगू नका. बहिणीला माहीत आहे हेही सांगा, म्हणजे तिच्याशी बोलता येईल. आणि एकदा सांगून झालं असं धरू नका. वर्षभराने तो पुन्हा विचारेल, तेव्हा त्याचा प्रश्न वेगळा असेल.

आडवाट

नवरा म्हणतोय परीक्षा झाल्यावर सांगू. मला वाटतं आधीच. या शनिवारी समुपदेशकाकडे हाच विषय आहे.

जुनाखांब

परीक्षा किती लांब आहे?

आडवाट

तीन आठवडे.

जुनाखांब

मग या वेळी माझं मत तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. पण तारीख ठरवून, आणि मुलीला ती तारीख सांगून. नाहीतर धाकट्याच्या बाबतीत ती तुमच्यासारखी हं हं करत बसेल.